पहिल्याच दिवशी रडत घरी आली, म्हणून कोर्स सोडायचा?

नमस्कार दादा,

तुमचा मेल वाचला. मुलगी १९ वर्षांची, बारावी सायन्सला ७१ टक्के, नीटचं काही जमलं नाही, मग तिने स्वतःच शोधून पूर्वप्राथमिक शिक्षणाच्या दोन वर्षांच्या डिप्लोमाला ॲडमिशन घेतली. जूनमध्ये शाळा उघडल्या आणि तिची प्लेसमेंट, म्हणजे कोर्समधला प्रत्यक्ष सराव, नगरपालिकेच्या बालवाडीत लागली. पहिल्या दिवशी एकाने चड्डी ओली केली, एक पोरगी हाताला चावली, तिथल्या ताईंनी शिकवायला काही दिलंच नाही, नुसतं बसून बघ म्हणाल्या, आणि रात्री ती रडली. आता बीएस्सी करून बीएड करू दे की एमपीएससीचा क्लास लावू, असं तुम्ही विचारलंय.

खरं सांगू का, तिच्या रडण्याची मला अजिबात काळजी वाटली नाही. जूनच्या त्या आठवड्यात बालवाडीत सगळेच रडतात, पोरं रडतात, गेटबाहेर आया रडतात, नवीन आलेली छात्राध्यापिका घरी जाऊन रडते. काळजी वाटली ती तुमच्या पुढच्या ओळीची. त्याच रात्री तुम्ही कॉलेजच्या मॅडमना फोन करून "तिला चांगल्या इंग्लिश मीडियममध्ये टाका" म्हणालात, आणि हे तिला दुसऱ्या दिवशी मॅडमकडून कळलं. दादा, तीन वर्षांच्या मुलाचे आईबाप असे फोन करतात आणि ते समजू शकते मी, पण इथे तर प्लेसमेंटवर गेलेली बाई तुमच्या घरातली आहे ना! तिने तक्रार केली नव्हती, फक्त रडली होती, त्यात "सोडायचंय" हे तुम्ही कुठून वाचलंत? आणि मेलमध्ये "नातेवाइकांना काय सांगू, पोरं सांभाळते म्हणून?" हे वाक्य आहे. मला वाटतं खरं दुखणं तिथेच आहे, चावण्यात नाही.

बीएड करून पहिली ते पाचवीला लागेल हे तर डोक्यातून काढूनच टाका, ऑगस्ट २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते दार बंद केलंय, त्या वर्गांसाठी डीएलएड ही प्राथमिक शिक्षणाची पदविका आणि टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा लागते. एमपीएससीला पदवी लागते, ती झाल्यावर बघू.

आता ते "नुसतं पोरं सांभाळणं". हा गैरसमज इतका पक्का आहे की शिकलेले लोकही बोलून जातात. ताईंनी बसून बघ सांगितलं म्हणजे काम दिलं नाही असं नाही, पहिल्या दिवसाचं काम तेच असतं. कोण दप्तर खांद्यावरून काढतच नाही, कोण दुसऱ्याच्या शेजारी बसून एकटाच खेळतो, कोण डबा उघडून मिळावा म्हणून वाट बघतो पण बोलत नाही, हे वहीत लिहायचं. चावणाऱ्या मुलीकडे बहुतेक वेळा "माझं आहे, दे" म्हणायला शब्द नसतात, म्हणून दात येतात पुढे, आणि हे ओळखता आलं की तिला ओरडायचं की शब्द द्यायचे ते ठरतं. मणी ओवणं, माती मळणं यातून बोटं तयार होतात, पेन्सिल त्यानंतर. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वय हा एक सलग पायाभूत टप्पा धरलाय तो उगाच नाही. आणि आपल्याकडे तर हे फार आधीपासून आहे, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी-कोसबाडला पोरांची नखं कापण्यापासून, अंघोळी घालण्यापासून बालवाडी उभी केली, ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळालं. तेव्हा ओली चड्डी बदलणं कमीपणाचं वगैरे मला तरी ऐकवू नका.

पगाराचं मात्र लपवणार नाही. खाजगी प्ले-ग्रुप, नर्सरीत सुरुवातीला अगदीच कमी देतात, अंगणवाडी सेविकेला पगार नाही, मानधन मिळतं. शिक्षण हक्क कायद्याची हमी सहा वर्षांपासून आहे, त्यामुळे त्याखालच्या शिक्षिकेची किंमत अजून बाजारच ठरवतो. म्हणून डिप्लोमासोबत तिने मुक्त विद्यापीठातून पदवी चालू ठेवावी, अंगणवाड्या चालवणाऱ्या एकात्मिक बालविकास योजनेत पर्यवेक्षिकेची भरती निघते तिथे पदवी लागते, मोठ्या शाळांमध्ये पूर्वप्राथमिकची हेड व्हायलाही लागते. ही चिंता तुम्ही मेलमध्ये केली असती तर मला आवडलं असतं, पण पैशांबद्दल तुम्ही एक शब्द लिहिला नाहीत, नातेवाइकांबद्दल तीन ओळी लिहिल्यात.

तर उद्या मॅडमना परत फोन करा आणि बदलीचं म्हणणं मागे घ्या, शक्यतो तिच्यासमोरच. संध्याकाळी आली की "कंटाळलीस का" विचारू नका, ती चावणारी पोरगी आज कशी होती ते विचारा. प्लेसमेंट संपल्यावरही तिला नकोच वाटलं तर रस्ते भरपूर आहेत, फक्त तेव्हा मेल तिचा येऊ दे, तुमचा नको.