व्होल्वो गाडी खरंच तितकी सुरक्षित असते, की नुसतं नाव मोठं? पुण्यात सेकंडहँड घ्यावी का?

तुमचा प्रश्न असा आहे की पुण्यात एक जुनी व्होल्वो बऱ्या किमतीत मिळतेय, तर कंपनीचा इतिहास काय, सुरक्षिततेचं एवढं कौतुक कशासाठी, आणि वापरणाऱ्यांना काय अनुभव येतो.

मी मूळचा साताऱ्याचा. गेली अकरा वर्षं स्वीडनमध्ये गॉथेनबर्गला, म्हणजे व्होल्वोच्या माहेरीच राहतो. व्होल्वोत नोकरीला नाही, पण दारात त्यांचीच जुनी व्ही-७० उभी आहे.

आधी एक घोळ मिटवू. माझ्या वडिलांसाठी व्होल्वो म्हणजे बस. 'दादरहून व्होल्वोनं आलो' म्हणजे शिवनेरीनं आलो, एसीत झोपून आलो. मी व्होल्वो घेतली असं फोनवर सांगितलं तेव्हा पहिला प्रश्न आला, "अरे, एवढी मोठी ठेवणार कुठं?" गंमत वाटली तरी चूक त्यांची नाही. बस-ट्रकची व्होल्वो आणि मोटारींची व्होल्वो या १९९९ पासून दोन वेगळ्या कंपन्या आहेत. त्या वर्षी मोटारींचा धंदा फोर्डनं घेतला, आणि २०१० मध्ये फोर्डनं तो चीनच्या गीलीला विकला. नाव आणि चिन्ह दोघांचं एकच, दोघांची मुख्य कार्यालयंही याच शहरात. पण शिवनेरीत चांगला अनुभव आला म्हणून मोटार घ्यायची, हा हिशोब बरोबर नाही.

आता इतिहास. एसकेएफ ही बेअरिंग बनवणारी इथली मोठी कंपनी. 'व्होल्वो' हे नाव तिनंच १९१५ मध्ये बेअरिंगसाठी नोंदवून ठेवलं होतं. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'मी गडगडत जातो'. एसकेएफमधले विक्रीप्रमुख आसार गाब्रिएलसन आणि इंजिनिअर गुस्ताफ लार्सन १९२४ च्या ऑगस्टमध्ये स्टॉकहोमच्या एका हॉटेलात क्रॅफिश खाता खाता मोटारीवर बोलले, आणि तिथून हे सगळं सुरू झालं. (क्रॅफिश म्हणजे गोड्या पाण्यातली लालबुंद चिंगळं समजा. ऑगस्टमध्ये स्वीडिश माणूस त्यांच्यावर आपल्या खेकड्यांसारखाच तुटून पडतो.) पहिले दहा नमुने गाब्रिएलसननी स्वतःच्या खिशातून बनवून घेतले. १४ एप्रिल १९२७ ला पहिली गाडी कारखान्याबाहेर आली. ती होती उघड्या टपाची. स्वीडनच्या हवेत! पहिल्या वर्षी २९७ गाड्या विकल्या.

त्यांचा मूळ विचार मला 'सुरक्षितता' यापेक्षा 'दणकटपणा' असा वाटतो. बाहेरून येणाऱ्या गाड्या इथल्या खडबडीत रस्त्यांवर आणि थंडीत टिकत नसत, म्हणून इथल्या रस्त्यांसाठी इथली गाडी. माणसाच्या जिवाचा विचार लवकरच आला, पण ज्यासाठी जग आज नाव घेतं ती गोष्ट घडली १९५९ मध्ये.

निल्स बोलिन नावाचा इंजिनिअर साब कंपनीत लढाऊ विमानांच्या इजेक्शन सीटवर (संकटात वैमानिकाला विमानाबाहेर फेकणारी सीट) काम करायचा. १९५८ मध्ये तो व्होल्वोत आला. तोवर गाड्यांत पट्टे नव्हते असं नाही, पण ते दोन टोकांचे असत. काहींचं बकल तर पोटावर यायचं, त्यामुळे धडकेत ते बकलच आतडी फाडायचं. बोलिनचं निरीक्षण साधं होतं. वैमानिक जिवासाठी हवं ते बांधून घेतो, पण गाडीतल्या माणसाला मिनिटभराचीही कटकट नको असते. म्हणून त्यानं एका हातानं लावता येईल असा पट्टा केला. एक पट्टी छातीवरून, एक मांडीवरून, दोन्ही कमरेच्या बाजूला खाली एका ठिकाणी मिळणाऱ्या. इंग्रजी व्ही अक्षर आडवं पाडल्यासारखा आकार. आज जगातल्या कुठल्याही गाडीत बसा, तोच पट्टा आहे. कारण पेटंट घेऊनही व्होल्वोनं तो सगळ्यांना वापरायला मोकळा ठेवला.

तरी लोक लावत नव्हतेच. मग १९६७ मध्ये बोलिननं स्वीडनमधल्या २८ हजार व्होल्वो अपघातांचा अभ्यास मांडला. पट्टा न लावलेली माणसं अगदी कमी वेगातही दगावली होती. पट्टा लावलेल्यांत ताशी साधारण ९५ किलोमीटरच्या खाली एकही मृत्यू नव्हता. एवढं होऊनही स्वीडनमध्ये पुढच्या सीटला कायद्यानं सक्ती यायला १९७५ उजाडलं. म्हणजे पट्ट्याच्या माहेरीही माणसं आपल्यासारखीच होती.

१९७० मध्ये कंपनीनं अपघातांचा अभ्यास करणारी कायमची तुकडीच नेमली. अपघात झाला की जागेवर जायचं, मापं घ्यायची, कोणाला कुठे लागलं ते विचारायचं. माझ्या मते व्होल्वोचं खरं वेगळेपण इथे आहे, पत्र्यात नाही. आपल्याकडे गाडी बघायला गेलं की दारावर बोटं टकटक करून 'पत्रा जाड आहे' म्हणतात. जाड पत्रा जर चुरडलाच नाही तर धडकेचा सगळा झटका आत बसलेल्याला बसतो. पुढचा भाग चुरडला पाहिजे आणि माणसं बसतात तो पिंजरा शाबूत राहिला पाहिजे, ही खरी मेख. बाकीच्या गोष्टी त्या अपघातांच्या नोंदींतूनच आल्या: १९९१ मध्ये ८५० मॉडेलला बाजूच्या धडकेसाठी मजबूत केलेली रचना, १९९४ मध्ये बाजूची एअरबॅग, १९९८ मध्ये मागून ठोकल्यावर मान झटकू नये म्हणून थोडी मागे सरकणारी सीट, २००८ मध्ये समोरची गाडी थांबली की स्वतःच ब्रेक मारणारी यंत्रणा.

पण मला स्वतःला सगळ्यात पटलेली गोष्ट लहान मुलांच्या उलट्या सीटची. बर्टिल आल्डमन हे इथल्या चाल्मर्स विद्यापीठातले. अमेरिकेच्या जेमिनी यानातले अंतराळवीर पाठ टेकून झोपल्यासारखे बसतात, म्हणजे जोराचा दाब पूर्ण पाठीवर पसरतो, हे त्यांनी पाहिलं आणि १९६४ मध्ये तसाच नमुना मुलांसाठी व्होल्वोत बसवून तपासला. बाळाचं डोकं अंगाच्या मानानं जड आणि मान कच्ची. समोरून धडक झाली आणि मूल पुढे तोंड करून बसलेलं असलं, तर डोक्याचा सगळा भार मानेवर येतो. म्हणून इथे मुलं चार वर्षांची होईपर्यंत मागे तोंड करूनच बसतात.

माझी आई आली होती तेव्हा नात तीन वर्षांची. आईनं एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं, मग राहवेना. "पोरीला असं उलटं का कोंबलंयस? पाय दुमडलेत बिचारीचे. तिला दिसणार काय, आपण सोडून आलेला रस्ता?" मी आल्डमन, जेमिनी, मान, सगळं सांगितलं. आईनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "तुम्ही तिघं भावंडं माझ्या मांडीवर बसून महाबळेश्वरला जायचात." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्या घाटात काही झालं नाही, एवढंच ते उत्तर होतं. आईनं महिनाभर मागच्या सीटवर नातीसमोर तोंड करून गाणी म्हटली, आणि जाताना ती सीट बॅगेत मावते का तेही विचारलं.

आता माझा अनुभव. व्ही-७० म्हणजे लांबलचक स्टेशन वॅगन. इथे एक म्हण आहे, 'विला, व्होल्वो, वोव्हे', म्हणजे घर, व्होल्वो आणि कुत्रा. संसार लागला म्हणायचा तो एवढ्यावर. भारतात व्होल्वो मोटारी २००७ मध्ये आल्या त्या थेट साहेबाची गाडी म्हणून. इथे ती शाळामास्तर आणि सुताराची गाडी आहे. तिच्या सीटचं कौतुक मी आधी ऐकून सोडून दिलं होतं. मग एका दमात स्टॉकहोमला गेलो, जवळजवळ पावणेपाचशे किलोमीटर, आणि उतरताना कंबर धरून उभं राहावं लागलं नाही.

तीन वर्षांपूर्वी बुरोसच्या रस्त्यावर संध्याकाळी झाडीतून एक हरीण आडवं आलं. इथे त्याला रोयूर म्हणतात, आकारानं आपल्या भेकराएवढं. वेग ऐंशीच्या आसपास होता. ब्रेक मारला, पट्टा छातीवर आवळला, धक्का बसला आणि ते पुढे झाडीत गेलं. बायको आणि मुलगी मागे, दोघी ठीक. दिवा आणि पुढची जाळी फुटली, बाकी काही नाही. खरी गोष्ट त्यानंतरची. इथे हरणाला धडक बसली की ११२ वर फोन करून जागा सांगणं कायद्यानं बंधनकारक आहे. मग जागेवर खूण बांधून ठेवायची, म्हणजे शिकारी आपला कुत्रा घेऊन येतो आणि जखमी जनावराचा माग काढतो. ते कुठेतरी तडफडत राहू नये म्हणून. गाडीची सुरक्षितता म्हणताना या देशात रस्त्याच्या कडेचं जनावरही हिशोबात असतं, हे मला त्या संध्याकाळी कळलं.

गाडीनं वाचवलं असं मी म्हणणार नाही, कारण भेकराएवढ्या जनावराच्या धडकेतून कुठलीही बरी गाडी वाचवते. एल्क, म्हणजे इथलं घोड्याएवढं उंच हरीण, असता तर वेगळी कथा. लांब पायांमुळे त्याचं धूड थेट काचेवर येतं.

आणि एकदा चूक पूर्ण माझी होती. नोव्हेंबरचा शेवट, टायर बदलायचे 'पुढच्या शनिवारी' म्हणून राहिलेले, सकाळी रस्त्यावर काचेसारखा बर्फ. गाडी वळणावर सरळ गवतात गेली. लागलं कोणाला नाही, पण गाडीत जगभरची यंत्रणा असली तरी तिला रस्ता धरायला टायर लागतो, हे धडधडत्या छातीनं कळलं.

तुमच्या निर्णयासाठी दोन-चार गोष्टी. आज धडकेच्या चांगल्या चाचण्यांत पाच तारे अनेक कंपन्यांच्या गाड्यांना मिळतात, त्यामुळे केवळ सुरक्षिततेसाठी व्होल्वोच घ्यावी असं आता राहिलेलं नाही. तीस वर्षांपूर्वी मी वेगळं बोललो असतो. दुसरं, नव्या मॉडेलमध्ये पुढच्या काचेमागे रस्ता पाहून इशारे देणारा कॅमेरा असतो. काच बदलली की तो पुन्हा जुळवून घ्यावा लागतो. आमच्या एका मित्राची काच एका गॅरेजनं (नाव नको) स्वस्तात बदलली आणि हे केलंच नाही. दोन आठवडे गाडी सरळ रस्त्यावर भलत्याच वेळी इशारे देत होती. म्हणून जुनी घेताना काच मूळची आहे का, बदलली असेल तर कॅमेरा जुळवल्याची नोंद आहे का, विचारा. तिसरं, सुटे भाग आणि सर्व्हिस यांचा खर्च साहेबाच्या गाडीचाच येणार. गाडीची किंमत कमी झाली म्हणून तिचा दिवा किंवा सेन्सर स्वस्त होत नाही. सर्व्हिसची सगळी पानं मागा, आणि रंगवलेलं पॅनल कुठे दिसलं तर का ते विचारा.

आणि बघायला जाल तेव्हा पुढे नका बसू, आधी मागे बसा. मुंबई पोलिसांनी १ नोव्हेंबर २०२२ पासून मागच्यांनाही पट्टा सक्तीचा केला. तरी मी सुट्टीत येतो तेव्हा बहुतेक टॅक्सींत मागचं बकल सीट कव्हरखाली गाडलेलं असतं. मी बोटं घालून उकरत बसतो आणि ड्रायव्हर आरशातून माझ्याकडे पाहत "काही हरवलं का साहेब?" विचारतो. तुम्ही बघायला गेलेल्या गाडीत मागचं बकल वर असेल, पट्टा सळसळत बाहेर येत असेल आणि त्यावर रोज वापरल्याची थोडी झळाळी दिसत असेल, तर मालकाशी किमतीचं बोलायला बसा.