वाचक विचारतात : वडिलांना घेऊन त्यांच्या गावी

प्रश्न : वडील 78 वर्षांचे आहेत. चौथीपर्यंत गुहागरला शिकले, मग पुण्यात आले. जुनी शाळा आणि घर एकदा बघायचं म्हणतात. मे महिन्यात सगळे मिळून गाडीने जावं असा विचार आहे. त्यांना मधुमेह आहे, प्रोस्टेटचा त्रास आहे. रस्ता कोणता धरावा, काळजी काय घ्यावी? (पुणे)

उत्तर : मे महिना सोडा. दमट उकाड्याने ते पहिल्याच दिवशी गळून जातील, आणि जी शाळा बघायची तिला सुट्टी असेल. संक्रांत उलटली की शनिवार-रविवार टाळून निघा. मुलांची दोन दिवस शाळा बुडाली तर बुडू दे.

रस्ता सातारा, उंब्रज, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण, गुहागर असा धरा. अंतर पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास. नुसतं गाडी चालवायला सहा-सात तास लागतात, पण वडील बरोबर असताना नऊ तास धरा. सकाळी सहाला निघालात तर तीन-साडेतीनला पोचाल. त्या दिवशी घर बघायला जाऊ नका. दमलेला माणूस पडकी भिंत बघून जास्त खचतो. दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्ता करून जा.

दर दीड तासाने थांबा, त्यांना पाच मिनिटं चालवा. कमोड असलेली हॉटेलं महामार्गावर मिळतात. उंब्रजला आत वळलात की भरवसा नाही, म्हणून सातारा सोडल्यावर महामार्गावरच एकदा उरकून घ्या. घडीची कमोडची खुर्ची डिकीत असलेली बरी, मुक्कामाच्या घरीही लागते. 'पाणी काढणारी' गोळी सकाळी घेत असतील तर प्रवासाच्या दिवशी ती कधी घ्यायची हे डॉक्टरांना विचारा. आपल्या मनाने बंद करू नका. उलटीच्या गोळीचंही तसंच. त्यातल्या बऱ्याच गोळ्यांनी गुंगी येते आणि प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी तुंबू शकते. त्यापेक्षा त्यांना पुढच्या सीटवर बसवा, घाटाआधी भरपेट खायला देऊ नका. मात्र मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशीही ठेवू नका. दोन बिस्किटं, केळं, खिशात साखर हवीच. इन्सुलिन डॅशबोर्डच्या कप्प्यात तापतं आणि बर्फाला चिकटलं तर गोठून वाया जातं. थंड पिशवीत, मध्ये रुमाल घालून ठेवा.

कोयनानगरजवळचं हेळवाक सोडलं की पायथ्याच्या पोफळीपर्यंत कुंभार्ली घाटाचा उतार. ज्या गिअरमध्ये हा घाट चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरा, म्हणजे बहुतेक दुसऱ्या. सतत ब्रेक दाबून उतरलं की ब्रेक तापतात, जळका वास येतो आणि मग पेडल मऊ लागतं. वास आला की रुंद जागा बघून गाडी बाजूला घ्या, वीस मिनिटं उभी ठेवा. तापलेल्या चकतीवर पाणी ओतू नका, ती वाकते.

गाडी बहुधा बेड्यापर्यंत, म्हणजे आवाराच्या फाटकापर्यंत जाणार नाही, पुढे पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट. जांभ्याचे चिरे सारख्या उंचीचे नसतात आणि सावलीतल्या चिऱ्यांवर शेवाळ हिवाळ्यातही असतं. काठीचं खालचं रबर झिजलं असेल तर निघण्याआधी बदला. उतरताना आधार देणाऱ्याने त्यांच्या एक पायरी खाली, तोंड त्यांच्याकडे करून उभं राहावं. मागून दंड धरण्याचा उपयोग नसतो, तोल गेला तर दोघंही खाली.

आणि 'सरप्राईज' वगैरे नको. घराचं काय झालंय ते आधी कुणाकडून तरी पाहून घ्या आणि त्यांना घरीच, पुण्यात सांगा.

प्रश्न : आईचं माहेर राजापूर तालुक्यात. तिकडे आता आमचं कुणी नाही. घर नेमकं कुठे होतं ते कसं शोधावं? (ठाणे)

उत्तर : सातबाऱ्यावर शेतजमीन सापडेल, गावठाणातलं घर त्यावर सापडेलच असं नाही. घराची नोंद ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या नोंदवहीत, म्हणजे 'नमुना 8' मध्ये असते. तलाठ्याकडचा 'आठ-अ' वेगळा, तो जमिनीचा खातेउतारा. या दोन आठांत भलेभले फसतात. आई ज्या शाळेत गेली तिथे सर्वसाधारण नोंदवही (मुलांच्या प्रवेशाची) बघायला मिळते का ते मुख्याध्यापकांना आधी विचारा, आईचं माहेरचं पूर्ण नाव आणि शाळेत घातल्याचं अंदाजे साल द्या. शाळा बंद झाली असेल तर पंचायत समितीच्या शिक्षण विभागात चौकशी करा.

त्याआधी आईला कागदावर नकाशा काढायला सांगा: वाडी, देऊळ, विहीर, पऱ्या (ओढा). गावात पत्ता विचारताना मोबाईलच्या नकाशापेक्षा हाच कागद उपयोगी पडतो.

प्रश्न : वडिलांच्या गावच्या घरात चुलतभाऊ राहतात, बोलणं फारसं नाही. थेट गेलं तर चालेल? (मुंबई)

उत्तर : फोन करूनच जा, आणि तो वडिलांनी करावा. 'नुसतं बघायला येतोय' हे पहिल्याच वाक्यात सांगावं. पुण्या-मुंबईची गाडी दारात थांबली की पहिली शंका हिश्शाचीच येते. म्हणून पडवीत बसून उतारे काढू नका, हद्दीचे फोटो घेऊ नका. जेवायला किती जण ते आदल्या दिवशी कळवा, मुक्काम मात्र बाहेर करा.