ब्रँचला फांदी नव्हे, फाटा म्हणा

खानापूरच्या एका वाचकबाईंनी विचारलंय: "बेळगावात मी ज्या ऑफिसात काम करते तिथं आम्ही बरेचजण मराठी आहोत. गिटमधल्या ब्रँचला मराठीत 'फांदी' म्हणायचं की 'शाखा', यावरून आमच्यात दोन तट पडलेत. आणि आमचे एक वरिष्ठ रोज 'मी टॅगवर काम करायलोय' असं सांगतात. हे बरोबर आहे का?" (गिट म्हणजे प्रोग्रॅमच्या कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर. मूळ कामाला धक्का न लावता बाजूला वेगळं काम करायला काढतात ती ब्रँच, आणि एखाद्या आवृत्तीला लावलेलं नाव म्हणजे टॅग.)

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटलेत. बरोबर नाही. 'करायलोय'बद्दल माझी तक्रार मुळीच नाही. आपल्या भागातलं 'करायलोय' आणि 'मी ब्रँच काढलो' ऐकून पुण्याकडचे शुद्धलेखनवाले नाक मुरडतात, त्यांनी आधी थोडं कन्नड शिकावं. कन्नडात 'नानु माडिदे' म्हणताना क्रियापद कर्त्याचं ऐकतं, कर्माचं नाही. पिढ्यान्‌पिढ्या एका गल्लीत नांदलेल्या भाषांत एवढी देवघेव होणारच. ती चूक नाही, ते आपल्या बोलीचं व्याकरण आहे. माझी तक्रार 'टॅगवर' या शब्दाबद्दल आहे. टॅग ही काम करायची जागाच नव्हे.

गिटमध्ये ब्रँच आणि टॅग ही दोन्ही शेवटी नावंच आहेत, एकेका कमिटकडे, म्हणजे बदलांच्या एकेका नोंदीकडे, बोट दाखवणारी. ब्रँच म्हणजे एका छोट्या फाइलीत लिहिलेला ४० अक्षरांचा कमिटचा क्रमांक, बस. फरक इतकाच, की तुम्ही नवी कमिट केलीत की ब्रँचचं नाव पुढं सरकतं आणि टॅगचं नाव जिथल्या तिथं राहतं. टॅगचं नाव सांगून तुम्ही त्या ठिकाणी गेलात, की गिट 'डिटॅच्ड हेड' असा इशारा देतं, म्हणजे तुम्ही आता कुठल्याच ब्रँचवर नाही. तो वाचून न वाचल्यासारखा करून तिथं कमिट केलीत, तर ती कुठल्याच ब्रँचच्या खाती जमा होत नाही. दुसऱ्या ब्रँचवर वळलात की ती नजरेआड होते. नेहमीच्या सेटिंगनुसार रिफलॉगमध्ये, म्हणजे गिटच्या हालचालींच्या नोंदवहीत, तिचा माग ३० दिवस राहतो, त्यानंतर गिटची सफाई तिला उचलून नेऊ शकते. तुमचे वरिष्ठ खरोखरच टॅगवर काम करत असतील तर त्यांचं काम हवेत लटकतंय, हे त्यांना आजच सांगा.

हा शब्दप्रयोग आला कुठून, तेही उघड आहे. सबव्हर्जन या गिटच्या आधीच्या तशाच सॉफ्टवेअरमध्ये ट्रंक, ब्रँचेस आणि टॅग्ज असे तीन फोल्डर ठेवायचा रिवाज होता, आणि तिथं टॅग म्हणजे अख्ख्या फोल्डरची एक नक्कल. त्या नकलेत कुणी कमिट करू नये हा संकेत होता, पण सबव्हर्जन स्वतःहून कुणाला अडवत नसे. तिथं हात बसलेली माणसं गिटवर आली आणि येताना वाक्यही सोबत घेऊन आली. गिट २००५ साली लिनस टोर्व्हाल्ड्स यांनी लिनक्सच्या कर्नलसाठी लिहिलं. त्याला इतकी वर्षं झाली, आता तरी जुनी भाषा सोडायला हवी.

'फांदी'ही त्याच जुन्या घरातली. ट्रंक म्हणजे खोड, म्हणून ब्रँच म्हणजे फांदी, असा सरळ हिशेब. पण गिटमध्ये खोड आहेच कुठं? 'मेन' हीसुद्धा इतरांसारखीच एक ब्रँच, फक्त सगळ्यांनी मान दिलेली. ऑक्टोबर २०२० पासून गिटहबनं (गिटमधले प्रकल्प ठेवायची वेबसाइट) नव्या प्रकल्पांसाठी 'मास्टर'च्या जागी 'मेन' हे नाव घेतलं, तेव्हा कुणाच्या कामाचा एक तुकडाही इकडचा तिकडे झाला नाही. खोडाचं असं करून बघा! शिवाय फांदी खोडातून निघाली की निघाली, ती परत खोडाला येऊन मिळत नाही. आपण ब्रँच काढतो ती मात्र बहुतेक वेळा परत मिळवण्यासाठीच. फांदीवाल्यांचं म्हणणं इथंच संपतं.

शाखावाल्यांना इतक्या झटपट वाटेला लावता येत नाही. बँकेची शाखा, पक्षाची शाखा हे अर्थ सगळ्यांना ठाऊक आहेत, त्यांत वेळ घालवत नाही. त्यांच्यातले जाणकार वेगळाच मुद्दा मांडतात: शाखा हा मुळात ग्रंथाच्या पाठासाठीचाच शब्द आहे. वेदाच्या शाखा म्हणजे एकाच संहितेचे परंपरेनं जपलेले वेगवेगळे पाठ. पतंजलीनं महाभाष्याच्या सुरुवातीलाच यजुर्वेदाच्या १०१, ऋग्वेदाच्या २१ आणि अथर्ववेदाच्या ९ शाखा सांगितल्यात, सामवेदाच्या तर १०००. फरकही अगदी दाखवून देण्याजोगे आहेत. शुक्ल यजुर्वेदाच्या चाळिसाव्या अध्यायातलं ईशावास्य काण्व शाखेत १८ मंत्रांचं, तर माध्यंदिन शाखेत १७ मंत्रांचं, आणि क्रमही निराळा. शतपथ ब्राह्मण माध्यंदिनांकडे १४ कांडांचं, काण्वांकडे १७. तेव्हा ब्रँचला याहून नेमका शब्द कुठला, असं ते विचारतात.

त्यांनी दिलेली माहिती सगळी खरी आहे आणि तिच्यामुळंच त्यांचा दावा कोसळतो. वेदशाखा कधी एकमेकींत मिळवल्या जात नाहीत. माध्यंदिनानं काण्वांचा एखादा जादा मंत्र आवडला म्हणून आपल्या पाठात घालायचा नसतो. आपली शाखा सोडून दुसरीकडे जाणाऱ्याला संस्कृतात 'शाखारंड' अशी चक्क शिवी आहे. ज्या शब्दाच्या पोटात परत मिळण्याला इतका कडक मज्जाव आहे, तो शब्द रोज मर्ज होणाऱ्या, म्हणजे परत मिळवल्या जाणाऱ्या, ब्रँचला कसा लावायचा? 'शाखा' शोभते ती 'फोर्क'ला: मूळ प्रकल्पाची प्रत घेऊन वेगळं घर करायचं, वेगळी परंपरा चालवायची. माझ्यापुरता तो शब्द मी तिथं राखून ठेवलाय.

मग ब्रँचला काय? फाटा. बेळगावात राहून हा शब्द कुणाला सुचू नये याचं मला खरंच नवल वाटतं. वेंगुर्ले रस्त्यानं हिंडलगा, सुळगा मागं टाकलं की उचगाव फाटा येतो. बाचीच्या पुढं शिनोळीत महाराष्ट्र सुरू होतो आणि पुढं पाटणे फाटा लागतो. आपल्या बाजूच्या पाट्यांवर कर्नाटकी वळणानं 'क्रॉस' लिहिलेलं असतं, पण म्हातारी माणसं कंडक्टरला 'फाट्याला उतरीव' असंच सांगतात. गोव्याला निघालात तर पिरनवाडीत फाटा फुटतो: एक रस्ता खानापूर, लोंढ्यावरून अनमोड घाटात शिरतो, दुसरा जांबोटी, कणकुंबीवरून चोर्ला घाटात. गोव्यात उतरल्यावर दोन्ही पणजीच्याच वाटेला लागतात. फुटणं आणि परत मिळणं, दोन्ही या शब्दाला मानवतं. शेजारच्या कन्नडातही असा शब्द आहे: रस्त्याला किंवा नदीला जे फुटतं ते 'कवलु'.

कुणी म्हणेल, फाटा हे सुटण्याच्या जागेचं नाव आणि गिटमधली ब्रँच दाखवते टोक. पण मराठीत 'फाट्याला उतर' म्हणतात तसंच 'या फाट्यानं आत जा'ही म्हणतात. जागा आणि वाट, शब्द दोन्हीचा आहे.

आता त्याची घडण बघा. 'फाटा' आला 'फाटणे'वरून, त्याच्या मुळाशी संस्कृत 'स्फट्'. 'फुटणे'च्या मुळाशी 'स्फुट्'. म्हणजे 'फाटा फुटतो' असं म्हणताना आपण दुभंगण्याचे दोन सख्खे शेजारी धातू एका दमात उच्चारतो, आणि 'फाटे फोडणे' म्हणतानाही तेच. जुन्या छपाईत 'फांटा' असा अनुस्वार दिसतो, त्यावरून काही जण त्याची सोयरीक 'वांटा', 'वाटणे' यांच्याशी जुळवतात. मला ते साफ नामंजूर आहे. वाट्यात वस्तूचे भाग होऊन ते ज्याच्या त्याच्या घरी जातात. फाट्यात असं कुणाच्या घरी काही जात नाही.

'लाकूडफाटा' आणि 'फौजफाटा' यांतला फाटा म्हणजे नुसती नादासाठी जोडलेली शेपटी, असं सांगणारेही आहेत. मराठीची अशी थट्टा करू नये. 'भाजीपाला'तला पाला खरा पाला आहे, 'दगडधोंडा'तला धोंडा खरा धोंडा. तसाच लाकूडफाट्यातला फाटा म्हणजे फुटलेलं, सुटं झालेलं जळण. आणि फौजफाट्यातला फाटा म्हणजे, माझ्या मते, मुख्य फौजेतून फुटून कामगिरीवर गेलेली तुकडी. ती गेली, काम केलं, परत येऊन फौजेला मिळाली. फीचर ब्रँचचं, म्हणजे एका नव्या सोयीसाठी काढलेल्या ब्रँचचं, वर्णन याहून वेगळं काय करणार?

माझा सगळ्यात लाडका वाक्प्रचार मात्र 'फाटा देणे'. 'मानपानाला फाटा दिला', 'डॉल्बीला फाटा देऊन मिरवणूक काढली' असं आपण सर्रास म्हणतो. टाळणं, वगळणं हा अर्थ कुठून आला? काही जण इथं थेट फाडण्यावर जातात: फाटा देणे म्हणजे फाडून टाकणे. त्यांनी क्रियापदाकडे बघितलेलंच नाही. 'बगल देणे', 'हुलकावणी देणे', 'चकवा देणे', 'गुंगारा देणे' ही भावंडं ओळीनं उभी करा. सगळ्यांत 'देणे' आहे, ज्याला टाळायचं त्याला 'ला' लागतो, आणि कुणाला तरी चुकवून निघून जाण्याचं चित्र सगळ्यांत आहे. यांत फाडाफाड कुठंच नाही. 'फाटा देणे'ही त्याच कुळातलं: नको असलेल्याला बाजूच्या वाटेवर सोडायचं आणि आपण सरळ रस्त्यानं पुढं जायचं. मानपान नष्ट होत नाही, तो फाट्यावर राहतो, लग्न पुढं जातं.

आता तुमच्या ऑफिसात काय चालतं ते आठवा. एखादं फीचर वेळेत होत नाही. त्याचं काम त्याच्या ब्रँचवर तसंच ठेवतात, मेनमध्ये मिळवत नाहीत, आणि त्याच्याशिवाय आवृत्ती बाहेर पडते. या घटनेला मराठीत म्हणायचं: त्या फीचरला या आवृत्तीत फाटा दिला. वाक्प्रचाराचा रूढ अर्थ आणि ब्रँचचा तांत्रिक अर्थ इथं एकाच शब्दात येऊन बसतात. फांदी किंवा शाखा म्हणणाऱ्यांनी एक तरी असं वाक्य बनवून दाखवावं.

टॅगचं राहिलं, पण ते थोडक्यात आटपतं. 'मनाशी खूणगाठ बांधली' हा प्रयोग तुम्हाला ठाऊकच आहे, तोच उचला. गिटमध्ये टॅग दोन तऱ्हेचे. लाइटवेट टॅग म्हणजे नुसतं नाव, त्याला 'खूण' पुरे. ॲनोटेटेड टॅगमध्ये तो कुणी केला, कधी केला आणि त्यासोबतचा मजकूर जपलेला असतो, वर सहीही करता येते. ती 'खूणगाठ'. आवृत्ती बाहेर काढताना खूणगाठच बांधावी. कमिटला जवळच्या टॅगवरून नाव देणारी 'गिट डिस्क्राइब' ही आज्ञासुद्धा, वेगळं सांगितलं नाही तर, खूणगाठीच बघते, नुसत्या खुणा नाही. साध्या 'गिट पुश'नं त्या सर्व्हरवर जात नाहीत, वेगळं सांगून पाठवाव्या लागतात. आणि चुकीच्या कमिटवर बांधलेली खूणगाठ एकदा इतरांकडे पोचली असेल तर तीच सोडून दुसरीकडे बांधू नका, नव्या नावानं नवी बांधा. गिटच्या स्वतःच्या माहितीपुस्तिकेतही हाच सल्ला आहे, कारण ज्यांच्याकडे जुनी पोचली त्यांना बदल कळतच नाही आणि एकाच नावाचे दोन अर्थ हिंडत राहतात.

तेव्हा तुमच्या वरिष्ठांना जुन्या आवृत्तीत दुरुस्ती करायची असेल, तर टॅगवर उभं न राहता तिथून नवी ब्रँच काढायची. आणि सकाळच्या बैठकीत सांगायचं: '१.२ च्या खूणगाठीवरून फाटा काढलोय, त्याच्यावर काम करायलोय.'