वकिलांची फर्म कामगारांसाठी मोफत शिबिर घेते आणि एचआरवाल्यांसाठी पैसे घेऊन कार्यशाळाही. मग ती नेमकी कुणाच्या बाजूची? शिबिराला जावं का?

जावं. पण तुमचा संशय रास्त आहे, त्यामुळे आतून हे कसं चालतं ते सांगतो. मी कामगार कायद्याची वकिली करतो. पिंपरी-चिंचवड पट्ट्यातल्या एका छोट्या फर्ममध्ये अशी शिबिरं आणि कार्यशाळा दोन्ही माझ्याच गळ्यात असतात.

आधी फर्म हे का करते ते. समाजसेवा आहे, आणि स्वार्थही आहे. वकिलाला आपल्याकडे जाहिरात करता येत नाही. वकिलांवर देखरेख ठेवणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ३६ ने तशी बंदी घातली आहे. चौकात फलक लावून ‘ग्रॅच्युइटी मिळवून देऊ’ (म्हणजे नोकरी सोडताना सेवेच्या वर्षांवर मिळणारी रक्कम) म्हणायची सोय नाही. मग लोकांपर्यंत पोहोचायचं कसं? माहिती द्यायची. ज्याला पटेल तो पुढे आपणहून विचारतो. भोसरीतल्या माझ्या पहिल्या शिबिरात मी उत्साहाने फ्लेक्स छापून आणला होता, त्यावर फर्मचं नाव आणि माझा मोबाइल नंबर चांगला हातभर मोठा. सीनियरांनी कार्यक्रमाआधी अर्धा तास तो उतरवायला लावला. आम्ही मागे नुसती पांढरी भिंत ठेवून बोललो. पैसे माझ्याच पगारातून गेले, हे जाता जाता.

शिबिर शक्यतो गुरुवारी ठेवतो, कारण इथल्या एमआयडीसीची सुट्टी गुरुवारी. दोन वर्षांपूर्वी एका समाजमंदिरात पन्नाशीचे एक ऑपरेटर आले होते. रेक्झिनची पिशवी, त्यात प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये अकरा वर्षांचे कागद तारीखवार लावलेले. म्हणाले, “साहेब, फुल अँड फायनल, म्हणजे शेवटचा हिशेब, झालंय, तक्रार काही नाही, फक्त बरोबर आहे का बघा.” बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) मिळून १८,२०० रुपये, नोकरी ११ वर्षं ७ महिने. कंपनीने ग्रॅच्युइटी दिली होती १,००,१०० रुपये.

मी फळ्यावर मांडलं. शेवटच्या पगाराला २६ ने भागायचं, १५ ने गुणायचं, मग नोकरीच्या वर्षांनी. सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष धरायचा, म्हणजे अकरा नाही, बारा. १८,२०० भागिले २६ म्हणजे ७००. पंधरा दिवसांचे १०,५००. गुणिले १२ म्हणजे १,२६,०००. कंपनीने ३० ने भागलं होतं आणि वरचे सात महिने सोडून दिले होते. फरक २५,९०० रुपये. मागच्या रांगेतल्या तिघांनी तिथेच मोबाइल काढून आपापला हिशेब सुरू केला आणि पुढची वीस मिनिटं माझं कुणी ऐकलं नाही.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा. त्यानंतर महिन्याभराने एचआरवाल्यांच्या कार्यशाळेत मी हाच हिशेब मांडला, आकडेही तेच. एक तरुण मुलगी हात वर करून म्हणाली, “सर, आमचं सॉफ्टवेअर तीसनेच भागतं.” तिच्या मनात कुणाला लुबाडायचं नव्हतं. कुणीतरी कधीतरी फॉर्म्युला भरला होता आणि तो तसाच चालू होता. तिने तो बदलून घेतला. खरं सांगायचं तर एकेका कामगाराची केस लढून मी जेवढ्यांना पैसे मिळवून देईन, त्याहून जास्त लोकांचं भलं त्या एका दुरुस्तीने झालं असेल.

एचआरच्या कार्यशाळेत आम्ही लुटुपुटूची खातेनिहाय चौकशीही (कामगारावरच्या आरोपांची कंपनी स्वतः करते ती) करतो. एकजण आरोपी कामगार होतो, एकजण चौकशी अधिकारी. दरवेळी तीच गंमत. चार्जशीटमध्ये ‘आपण गैरवर्तन केले’ एवढंच. कधी, कुठे, कुणाशी, पत्ता नाही. चौकशी अधिकारी साक्षीदाराला प्रश्न विचारतो आणि उत्तरही स्वतःच लिहून टाकतो. हसू येतं, पण अशा चौकशीवर खऱ्या माणसाची नोकरी जाते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता (जुने कामगार कायदे एकत्र करून केलेले नवे कायदे) लागू झाल्यावर तर या कार्यशाळांना खुर्च्या कमी पडायला लागल्यात. ‘वेतना’ची व्याख्या बदलली, भत्ते एकूण मेहनतान्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग वेतनातच धरायचा. बेसिक छोटं ठेवून भत्ते फुगवणाऱ्यांची झोप उडाली आहे. मुदतीच्या करारावरच्या कामगाराला आता एका वर्षानंतरही ग्रॅच्युइटी आहे, हे तर शिबिरात दोनदा सांगावं लागतं, कारण पहिल्यांदा कुणाचा विश्वास बसत नाही.

तरी बाजूचा प्रश्न उरतोच. म्हणून तिथे गेल्यावर आपली कथा सांगायच्या आधी कंपनीचं नाव सांगा आणि विचारा, “ही तुमची क्लायंट आहे का?” असेल तर सरळ वकिलाने तिथेच थांबवायला हवं. मी स्वतः दोनदा लोकांना दुसऱ्या वकिलाकडे पाठवलंय. या प्रश्नावर कुणी आढेवेढे घेतले तर चहा पिऊन निघा.

बायकांच्या बाबतीत आम्ही उशिरा शहाणे झालो. लैंगिक छळाच्या २०१३ च्या कायद्यावर भर सभेत बोलायचो आणि एकही प्रश्न यायचा नाही. मग सहकारी वकीलताई चहाच्या वेळेला वेगळ्या खोलीत बसायला लागल्या. तिथे प्रश्न आले, पण काहींची वेळ टळून गेलेली होती. तक्रारीला मुदत तीन महिने, आणि कारण पटलं तर तक्रार ऐकणारी समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. कारखान्यात दहापेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. धुणीभांडी करणाऱ्या बाईलाही हा रस्ता आहे.

दोन गोष्टी सांभाळा. शिबिरात वकालतनाम्यावर (वकील नेमल्याच्या कागदावर) सही करू नका, घरी जाऊन विचार करा. आणि ‘मिळतील त्यातले इतके टक्के द्या’ असं कुणी म्हणालं तर ते नियमातच बसत नाही. निकालावर किंवा वसुलीवर फी ठरवायला वकिलाला मनाई आहे. पैशाची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. औद्योगिक कामगार आणि महिला यांना तिथे वकील मोफत मिळतो, उत्पन्न न बघता. हेल्पलाइन १५१००.

जाताना नेमणूकपत्र, शेवटच्या काही पगारस्लिपा, पीएफचं पासबुक, राजीनामा किंवा कमी केल्याचं पत्र घ्या. मूळ कागद कुणाला देऊ नका, झेरॉक्स द्या. मोबाइलवरचा फोटोही चालतो, फक्त पान पूर्ण येऊ द्या. बहुतेकांच्या फोटोत नेमकी खालची ओळ कापलेली असते, आणि सही आणि तारीख तिथेच असते.