पाळी बदलताना

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. बालगृहात काळजीवाहक म्हणून रुजू होऊन तीन आठवडे झाले, आणि नियमांची पुस्तिका इतकी जाडजूड आहे की आधी काय सांभाळावे हेच कळत नाही, असे तू लिहिले आहेस. पुस्तिका सगळी वाच. पण इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर मला जे सर्वांत महत्त्वाचे वाटते ते आधी सांगते. घरातल्या मुलाला काल रात्री खोकला होता, परवापासून ते पानात अर्धे टाकते आहे, अमुक औषधाने त्याच्या अंगावर गांधी उठतात, हे सारे कोणीतरी एक माणूस मनात बाळगून असते. संस्थेत ते माणूस दर पाळीला बदलते. म्हणून घरी जे आईच्या लक्षात राहते ते इथे वहीत उतरावे लागते. नाहीतर ते कोणाच्याच लक्षात राहत नाही.

हे मला फार वाईट रीतीने कळले. सहा वर्षांच्या एका मुलीला ताप होता. संध्याकाळच्या पाळीतल्या बाईंनी तिला पॅरासिटामॉलचे औषध दिले आणि निघण्याच्या घाईत नोंद राहिली. तासाभराने मी आले, अंग गरम लागले, वही कोरी दिसली, म्हणून मीही दिले. सकाळी फोनवर बोलताना दोघींच्याही ते लक्षात आले, आणि मी त्या मुलीला घेऊन डॉक्टरांकडे धावले. ती सुखरूप राहिली, परंतु डॉक्टरांनी तेव्हा जे सांगितले ते मी कधी विसरले नाही: या औषधाची मात्रा वयाच्या अंदाजाने नव्हे तर वजनावर ठरते, एका किलोमागे एका वेळी १० ते १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांमध्ये किमान चार तास जावे लागतात, २४ तासांत चारपेक्षा अधिक मात्रा देता येत नाहीत, आणि जास्त झालेले औषध यकृताला इजा करत असताना पहिल्या दिवशी मूल अगदी ठीक दिसू शकते. ‘ठीक दिसते आहे’ या तीन शब्दांवर तेव्हापासून मी विसंबले नाही. मुलांची वजने वेळच्या वेळी करून औषधाच्या कपाटाच्या आतल्या बाजूला लावून ठेव. औषध पाजल्याबरोबर, चमचा धुण्याच्याही आधी, वेळ, मात्रा आणि सही लिही. पाळी सोपवताना नुसती वही हातात देऊ नकोस. दोघींनी उभे राहून ती मोठ्याने वाचावी. त्याला दहा मिनिटे लागतात, आणि ज्या संस्थेत त्या दहा मिनिटांचा पगार मिळत नाही, तिथे तो मागण्यात काही गैर नाही असे माझे स्पष्ट मत आहे.

साथींच्या बाबतीत एकच उदाहरण देते. खरूज पहिल्यांदाच झाली असेल तर खाज सुटायला दोन ते सहा आठवडे लागू शकतात. म्हणजे एक मूल खाजवताना दिसते तेव्हा शेजारच्या खाटांवर ती बहुधा पोहोचलेलीच असते. त्यामुळे डॉक्टरांच्या सल्ल्याने त्या खोलीतल्या सर्वांवर, खाज नसलेल्यांवर आणि तुम्हा काळजीवाहकांवरही, एकाच दिवशी उपचार व्हावे लागतात, आणि चादरी, कपडे, टॉवेल त्याच दिवशी गरम पाण्यात धुवावे लागतात. एकेका मुलाला मलम लावत बसलीस तर ती महिनोन्‌महिने फिरत राहते. आणि ज्या मुलापासून सुरुवात झाली त्याला कोणी ‘घाणेरडा’ म्हणणार नाही, हे पाहणे मलमाइतकेच तुझे काम आहे.

आगीविषयी थोडक्यात. रात्री दाराला कुलूप असेल, तर किल्ली कोणाकडे आहे हे प्रत्येक पाळीला ठाऊक हवे आणि ते कुलूप तू स्वतः अंधारात एकदा उघडून पाहिलेले हवे. त्या रात्री कोण कोण झोपले आहे याची ताजी यादी दाराशीच असावी, कारण बाहेर मैदानात डोकी मोजताना कालची यादी उपयोगाची नसते.

आता जे सर्वांत अवघड आहे त्याकडे येते. आमच्याकडे एक मुलगा वर्षभर कोरड्या अंथरुणात झोपत होता आणि सात वर्षांचा झाल्यावर पुन्हा अंथरूण ओले करू लागला. त्याला सकाळी सर्वांसमोर चादर धुवायला लावली जाई. मीही ते होऊ दिले, याची मला आजही लाज वाटते. पुढे एका सहकारी बाईंनी ओल्या चादरींच्या तारखा एका कागदावर लिहिल्या आणि तो कागद सहज पाळ्यांच्या तक्त्याशेजारी ठेवला. ओल्या रात्री सगळ्या एकाच माणसाच्या पाळीच्या होत्या. तारखा हा पुरावा नव्हे, आणि अंथरूण ओले करण्यामागे लघवीच्या जंतुसंसर्गापासून बद्धकोष्ठतेपर्यंत कितीतरी कारणे असतात. परंतु त्या कागदामुळे प्रश्न विचारला गेला, त्या माणसाला मुलांपासून दूर ठेवून बाहेरच्या यंत्रणेकडून चौकशी झाली, आणि मुलाला बोलता आले.

कधी एखादे मूल तुलाच काही सांगेल. ‘कोणाला सांगणार नाहीस ना?’ असे ते आधी विचारील, आणि त्या क्षणी ‘नाही’ म्हणण्याचा मोह फार मोठा असतो. तसे वचन देऊ नकोस. ‘तुला सुरक्षित ठेवायला ज्यांना सांगावे लागेल त्यांनाच सांगेन’ एवढेच म्हण. शांतपणे ऐक, त्याच्या तोंडी नावे घालू नकोस, खोदून विचारू नकोस, आणि नंतर त्याचेच शब्द जसेच्या तसे, वेळेसह लिहून ठेव. ते त्याच दिवशी वरिष्ठांना कळव. संशय वरिष्ठांवरच असेल तर थेट बालसंरक्षण यंत्रणेला कळव. संस्थेचे नाव खराब होईल असे तुला सांगणारे भेटतील. त्यांच्याशी वाद घालण्यात तो दिवस घालवू नकोस.

मात्र या भीतीपोटी मुलांना जवळ घेणेच बंद करणाऱ्या संस्था मी पाहिल्या आहेत, आणि त्याने मला फार त्रास होतो. रेने स्पिट्झ या मनोविश्लेषकांनी १९४५ मध्ये अशा अर्भकांविषयी लिहिले, ज्यांना स्वच्छता आणि पोषण मिळत होते परंतु उचलून घेणारे आपले असे माणूस नव्हते. त्यांची वाढ खुंटली होती. संयुक्त राष्ट्रांनी २००९ मध्ये स्वीकारलेली पर्यायी संगोपनाची मार्गदर्शक तत्त्वेही तीन वर्षांखालील मुलांना शक्यतो कुटुंबातच ठेवावे असे सांगतात. म्हणून रडणाऱ्या मुलाला जवळ घे, दार उघडे ठेवून, इतरांच्या नजरेसमोर घे, पण घे. झाडावर चढणाऱ्यालाही खाली ओढू नकोस. खाली उभी राहा.

आज रात्री एक कर. वही न पाहता तुझ्या विभागातल्या सगळ्या मुलांची नावे कागदावर लिही आणि प्रत्येकापुढे या आठवड्यात तू स्वतः पाहिलेली एक गोष्ट लिही. भांडणारी, रडणारी, आजारी मुले भराभर आठवतील. मग तीन-चार नावांपाशी लेखणी अडेल. ती कधी तक्रार न करणारी, सांगितलेले निमूट ऐकणारी मुले असतात, आणि त्यांच्याविषयी वहीतही सहसा काही सापडत नाही. ती नावे मला कळवू नकोस, मुलांची माहिती संस्थेबाहेर जाता कामा नये. उद्या जेवायला मात्र त्यांच्याच पंगतीत बस.

तुझी,
ताई