झोप न लागणे: वारशाने आलेले की घरात शिकलेले?

“आमच्या घराण्यातच झोप नाही. आजीला नव्हती, आईला नाही, मला नाही, आणि आता माझी नऊ वर्षांची मुलगीही रात्री तळमळत पडते. रक्तातच असेल तर उपाय तरी काय करायचा?” झोपेच्या उपचारासाठी माझ्याकडे आलेल्या एका बाईंनी पहिल्याच भेटीत विचारलेला हा प्रश्न मी अनेकांकडून ऐकला आहे. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

मी त्यांचे म्हणणे खोडून काढले नाही, कारण त्यात तथ्य आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या, १३ लाखांहून अधिक लोकांच्या अभ्यासात निद्रानाशाशी संबंधित २०० हून अधिक जनुकीय स्थाने (डीएनएमधील ठरावीक जागा) आढळली. मात्र त्यांतील प्रत्येकाचा परिणाम अगदी अल्प असतो. माझ्या मते वारशाने येते ती हलकी झोप आणि जरा ताण आला की ती उडण्याची प्रवृत्ती. ताण सरल्यावरही महिनोन्‌महिने जागे राहणे हे बहुतेक वेळा आपण नंतर अंगी लावून घेतलेले असते. घोरताना श्वास अडकणे किंवा पाय सतत हलवावेसे वाटणे हेही घराण्यात चालत येऊ शकते आणि त्यासाठी डॉक्टरांची तपासणी लागते, म्हणून ती चौकशी मी आधीच केली होती.

दोन आठवड्यांची झोपेची नोंदवही त्यांनी आणली. रात्री साडेनऊला अंथरुणावर, सकाळी सातला बाहेर; झोप मात्र जेमतेम साडेपाच तास. उरलेले चार तास त्या अंधारात घड्याळ पाहत, उद्याचा दिवस कसा निभावेल याचा हिशेब करत काढत होत्या, आणि अंथरूण म्हणजे जागरणाची जागा हे त्यांच्या मनाने पक्के धरले होते. एका पानाच्या कडेला बारीक अक्षरात लिहिले होते: “सकाळी मुलीने विचारले, आई, काल झोप लागली का?” चौकशी केल्यावर कळले की त्या घरात रोजची सकाळ याच प्रश्नाने होत असे, आणि बाईंच्या लहानपणी हाच प्रश्न त्या स्वतः आपल्या आईला विचारत.

अंथरूण आणि जागरण यांची ही गाठ सुटावी म्हणून आम्ही अंथरुणावरचा वेळ सहा तासांवर आणला, घड्याळ खोलीबाहेर ठेवले, आणि झोप येत नसेल तर उठून दुसऱ्या खोलीत बसायचे ठरवले. पहिला आठवडा फार कठीण गेला. त्या चिडल्या, रडल्या, सोडून द्यावे म्हणाल्या. मुलीवर मी कोणताही उपचार सुचवला नाही. रात्रीच्या झोपेचा विषय तिच्यासमोर काढू नये, एवढेच सांगितले.

सहा आठवड्यांनी बाईंचे रात्रीचे जागरण तासाभराच्या आत आले आणि अंथरुणावरचा वेळ आम्ही हळूहळू वाढवला. दाराच्या कुरकुरीने त्यांना आजही जाग येते, आणि ती बहुधा येतच राहील. मुलगी आता सकाळी उठल्यावर आईला आपली वही कुठे ठेवली ते विचारते.