खेळाचा तास आणि परीक्षा

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. परीक्षा जवळ आली की तिच्या शाळेत शारीरिक शिक्षणाचा तास गणिताला दिला जातो. यात खरोखर काही नुकसान आहे का?

उत्तर : होय, आहे, आणि ते गुणपत्रिकेत दिसत नसल्यामुळेच दुर्लक्षित राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलांनी दररोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते तीव्र स्वरूपाची शारीरिक हालचाल करावी, आणि आठवड्यातून किमान ३ दिवस स्नायू व हाडे बळकट करणारे व्यायाम त्यात असावेत. धावणे, उड्या मारणे यांमुळे हाडांवर जो भार पडतो, त्यातून ती घट्ट होतात, आणि आयुष्यभर पुरणाऱ्या हाडांच्या मजबुतीचा मोठा भाग पौगंडावस्थेतच साठवला जातो. मुलींच्या बाबतीत मला हे अधिक कळकळीने सांगावेसे वाटते, कारण या वयात त्यांची हालचाल मुलांपेक्षाही कमी झालेली आढळते. शिवाय जी मुले कोणत्याच संघात निवडली जात नाहीत, त्यांना तोल सांभाळणे, चेंडू झेलणे, सुरक्षितपणे पडणे हे शिकवणारा तास बहुधा हा एकच असतो. गणितासाठी वेळ हवाच असेल, तर तो अन्यत्र शोधावा, अशी लेखी विनंती पालकांनी मिळून मुख्याध्यापकांकडे करावी.